'पास आउट' म्हणजे नक्की काय? घरात वाद पेटलाय, जाणकारांनी सांगावं

कर्वेनगरची_माई

नमस्कार मंडळी,

तीन दिवस घरात एकाच शब्दावरून बोलणं चाललंय, म्हणून हा धागा काढतेय.

लेक बारावीला आहे. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात अर्ज करायचाय. अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून द्यावं लागतं, त्यात तिने आजोबांवर चार ओळी लिहिल्या. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो, सैन्यातून निवृत्त झालेत, आता ऐंशीच्या आसपास आहेत. तिचं वाक्य असं होतं: 'माय ग्रँडफादर पास्ड आउट ऑफ द नॅशनल डिफेन्स अकॅडमी इन १९६८.'

लिखाण तपासून देणाऱ्या बाईंनी 'पास्ड आउट'खाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'याचा अर्थ बेशुद्ध पडणे. ही भारतीय इंग्रजीतली चूक आहे. ग्रॅज्युएटेड लिही.'

लेकीने जेवताना ते सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला. म्हणाले, "खडकवासल्याला तीन वर्षं घासून घेतली आमची. शेवटच्या दिवशी जी झाली तिला पासिंग आउट परेडच म्हणतात. कॉलेजचा पदवीदान समारंभ नव्हता तो." आणि उठून गेले. त्यांना ते लागलं हे दिसत होतं.

मी स्वतः ऑफिसात आयुष्यभर 'मी २००१ची पासआउट' असंच म्हणत आलेय. आता मलाही कळेना. बाई बरोबर की बाबा? आणि माझं काय?

---

फळा_आणि_खडू

माई, मी नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. आधी निकाल सांगतो: बाबा बरोबर आहेत. त्या बाईंनी एक अर्थ बरोबर सांगितला, पण तो एकच अर्थ आहे असं धरून चालल्या, तिथे चुकल्या.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत 'पास आउट' उघडून पाहा. बेशुद्ध पडणे हा अर्थ पहिला मिळेल. पण खाली ब्रिटिश वापर म्हणून दुसराही दिलेला असतो: लष्करी किंवा तशाच प्रशिक्षणसंस्थेतून शिक्षण पुरं करून बाहेर पडणे. तिकडे पोलीस आणि अग्निशमन दलाच्या नव्या भरतीचीही पासिंग आउट परेड होते. म्हणजे १९६८ साली एनडीएतून बाहेर पडलेल्या माणसाबद्दल हेच क्रियापद नेमकं आहे, आणि ते स्कॉटलंडमध्ये वाचणाऱ्याला कळणार नाही असं होणार नाही.

तिसराही अर्थ आहे, वाटणे. 'पास आउट द पेपर्स' म्हणजे वर्गात पेपर वाट. हे अमेरिकेत जास्त चालतं. ब्रिटनमध्ये त्यालाच 'गिव्ह आउट' नाहीतर 'हँड आउट' म्हणतात.

आता गंमत त्या 'आउट'मध्ये आहे. मुलांना मी नेहमी सांगतो, पहिला शब्द सोडा, मागचा शेपटासारखा शब्द धरा, अर्थ तिथे बसलेला असतो. दिवा मालवला की 'द लाइट वेंट आउट'. आग विझवली की 'पुट आउट'. एखादी जात नामशेष झाली की 'डाय आउट'. इथे 'आउट' म्हणजे विझणं. माणूस 'पास आउट' होतो तेव्हा त्याची शुद्ध अशीच मालवते. 'वॉक आउट', 'मूव्ह आउट' यांतला 'आउट' मात्र दाराबाहेर पाऊल टाकणारा, आणि बाबांची परेड त्यातली. 'शेअर आउट', 'डोल आउट' यांत तो चहूकडे पसरणारा आहे, पेपर वाटण्यातला. वरून शब्द एकच दिसतो, आत तीन वेगळे 'आउट' आहेत.

व्याकरणही फरक दाखवतं. बेशुद्ध पडण्याला आणि बाहेर पडण्याला कर्म लागत नाही. वाटण्याला लागतं, आणि कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच घालावं लागतं: 'पास देम आउट'. 'पास आउट देम' चुकीचं. परीक्षेत अर्धा वर्ग इथे घसरतो.

तुमच्या 'पासआउट'बद्दल रात्री सवडीने लिहितो, तो वेगळा विषय आहे.

---

सुभेदार_निवृत्त

जय हिंद. माईसाहेब, तुमच्या सासऱ्यांना माझा सॅल्यूट सांगा. त्यांना का लागलं ते मला समजतं.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. बेळगावच्या सेंटरला घडलो. आम्हा जवानांच्या शेवटच्या परेडला कसम परेड म्हणतात, तिरंग्यासमोर शपथ होते म्हणून. ऑफिसर लोकांची ती पासिंग आउट परेड. खडकवासल्याला ती खेत्रपाल परेड ग्राउंडवर होते. १९७१च्या युद्धात परमवीरचक्र मिळालेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, त्यांच्या नावाचं मैदान. आणि एक बारीक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. एनडीएतून पास आउट झालेला कॅडेट त्या दिवशी अधिकारी होत नाही. सैन्यातला असेल तर पुढे वर्षभर डेहराडूनला आयएमएत, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमीत, जातो. तिथून पुन्हा पास आउट होतो, तेव्हा खांद्यावर तारे लागतात. म्हणून 'ग्रॅज्युएट' शब्द अपुरा वाटतो. हल्ली एनडीएतल्या मुलांना जेएनयूची पदवी मिळते, ते खरं, पण परेड पदवीची नसते.

शेवटी कॅडेट संथ पावलांनी चालत जातात, त्या पावलाला 'अंतिम पग' म्हणतात. ३० मे २०२५ला एनडीएतून पहिल्या सतरा मुली पास आउट झाल्या. मी टीव्हीसमोर उभा राहून बघितलं, बसवलं नाही.

आता दुसरा अर्थ. तोही परेडवर रोज भेटतो! उन्हात सावधानमध्ये तासभर उभं राहिलं की धडधाकट पोरगा झाडासारखा आडवा होतो. गुडघे ताठ लॉक केले की रक्त पायांत साठतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दाबून ते वर ढकलतात, उभ्याने ते काम थांबतं. डोक्याला रक्त कमी पडलं की डोळ्यांपुढे काळोख. आमचे उस्ताद सांगायचे: बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहा, गुडघा किंचित सैल ठेव, भार चवड्यावर घे, आणि उपाशीपोटी परेडला येऊ नको. बाहेरून कुणाला काही दिसत नाही, आत बोटं चालू. लंडनला जून २०२३मध्ये राजाच्या परेडच्या तालमीत अस्वलाच्या कातड्याच्या टोप्या घालून उभे असलेले गार्ड उष्म्याने कोसळले होते, ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. इंग्रजी बातम्यांत त्यालाही 'पास्ड आउट' लिहिलं होतं. तेव्हा दोन्ही अर्थ एकाच मैदानावरचे आहेत.

---

लिफीकाठची_अनु

डब्लिनमध्ये नर्स आहे, चौदा वर्षं झाली. मूळची रत्नागिरीची. मला या शब्दाने एकदा रडवलंय, म्हणून लिहितेय.

इथे येऊन सहा महिने झाले होते. वॉर्डातले एक आजोबा बाथरूममधून येताना चक्कर येऊन पडले. मिनिटभरात शुद्धीवर आले, चहा मागितला. नियमाप्रमाणे मी त्यांच्या बायकोला फोन केला आणि म्हणाले, 'ही पास्ड आउट धिस मॉर्निंग.' लाइन खरखरत होती. पलीकडून आवाजच येईना. मग हुंदका. त्या माउलीने 'पास्ड अवे', म्हणजे वारले, असं ऐकलं होतं. मी चार वेळा 'ही इज फाइन, ही इज हॅविंग टी' म्हणाले, तेव्हा कुठे तिला श्वास आला. तासाभरात ती टॅक्सीने आली, आधी नवऱ्याचा हात धरला, मग माझा. रागावली नाही. मला मात्र आठवडाभर झोप लागली नाही.

तेव्हापासून फोनवर मी आधी 'ही इज अवेक अँड टॉकिंग' म्हणते, मग 'ही फेंटेड' सांगते. आणि 'पास्ड' एकटं तर कधीच नाही. 'ही पास्ड लास्ट नाइट' म्हणजे इथे सरळ माणूस गेला. आपल्याकडे कसं 'ते गेले' म्हटलं की बाजारात गेले का विचारत नाही कोणी, तसंच.

रुग्णांशी बोलताना मात्र 'पास आउट' रोज लागतं. 'डिड यू पास आउट, ऑर डिड यू जस्ट फील फेंट?' यातल्या दोन अर्ध्यांत फार फरक आहे. आपल्याकडे म्हणायचं तर घेरी आली की शुद्ध हरपली? घेरी आलेला माणूस भिंत धरतो. शुद्ध हरपलेला कुठे पडला ते त्याला आठवत नाही, त्याचं डोकं तपासावं लागतं, हृदयाचा आलेख काढावा लागतो. 'ब्लॅक आउट' म्हटलं की आम्ही आणखी विचारतो, कारण दारू पिऊन आठवण पुसली जाते त्यालाही तोच शब्द आहे. तेव्हा माणूस बेशुद्ध असतोच असं नाही, हिंडतफिरत असतो, फक्त सकाळी काही आठवत नाही. शुद्धीवर येण्याला 'कम राउंड' किंवा 'कम टू'.

माईताई, तुमच्या कामाचं: इथे आणि ब्रिटनमध्ये नर्स, डॉक्टर 'आय क्वालिफाइड इन २००९' म्हणतात. पदवीला 'ग्रॅज्युएटेड' चालतं. शाळेला 'आय फिनिश्ड स्कूल' किंवा 'लेफ्ट स्कूल'. बारावी झालेलं पोर 'ग्रॅज्युएट' झालं असं म्हणायची रीत मुळात अमेरिकेतली. लेकीच्या अर्जात शाळेबद्दल काही असेल तर तेवढं बघा.

---

पुणे२६

मला राहवत नाहीये. सुभेदारसाहेबांचं आणि अनुताईंचं पटलं, पण 'भारतीय इंग्रजीतली चूक' या शब्दांवर माझा आक्षेप आहे. मी आयटीत आहे. भारतातल्या नोकरीच्या जाहिरातींत 'पासआउट्स' लिहून पुढे वर्ष दिलेलं असतं. ते वाचून कुणी रुग्णवाहिका बोलावत नाही. लाखो लोक एक शब्द एकाच अर्थाने वापरतात, एकमेकांना शंभर टक्के कळतो, त्याला चूक कशी म्हणायची? मराठीत आपण 'नापास' म्हणतो. 'ना' फारसीतून आलेला, 'पास' इंग्रजी. तिसरीच भाषा बोलणाऱ्यांनी त्यांची मोट बांधली आणि आज तो अस्सल मराठी शब्द आहे. मग 'पासआउट'ला का हाकलायचं?

---

फळा_आणि_खडू

पुणे२६, हाकलायचं कुणीच म्हणत नाही. 'नापास'चं उदाहरण वर्गात वापरणार, तुमचे आभार.

माझं म्हणणं एवढंच की शब्द कुणासमोर टाकतोय ते बघावं. 'पास आउट'चा सैनिकी अर्थ ब्रिटनमध्ये आहे, पण तो वर्दीच्या प्रशिक्षणापुरता. आपण तो इंजिनीअरिंग, बीकॉम, आयटीआय, अगदी दहावीपर्यंत पसरवला. शिवाय त्याचं नाम केलं: 'शी इज अ २००१ पासआउट.' हे नाम बाहेरच्या वाचकाला अडतं. माई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. पुण्यातल्या ऑफिसात 'मी २००१ची पासआउट' खुशाल म्हणा, ते आता मराठी वाक्य आहे. परदेशी पाठवायच्या कागदावर 'आय ग्रॅज्युएटेड इन २००१' लिहा. आणि 'फ्रॉम'ची जागा सांभाळा: 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम' हवं, 'ग्रॅज्युएटेड द कॉलेज' पुष्कळांना खटकतं.

आपल्याकडे तो इतका का रुजला याबद्दल माझा एक अंदाज आहे. आपली आधीची पिढी काय म्हणायची? 'मी ७२ साली कॉलेजातून बाहेर पडलो.' हे बाहेर पडणं आपल्या जिभेवर आधीपासून होतंच. 'पास आउट' दिसला तेव्हा तो ओळखीचा वाटला. एक शब्द पास होण्याचा, एक बाहेर पडण्याचा.

---

कृष्णाकाठ

वाईहून लिहितेय. संस्कृत शिकवत होते, आता घरीच दोन-चार मुली येतात.

फळा_आणि_खडू सर, तुमच्या अंदाजाला एक जोड देते. आपण निकालात लिहितो तो 'उत्तीर्ण' शब्द फोडून बघा. उद् अधिक तीर्ण. तॄ धातू म्हणजे तरून जाणे, ओलांडणे. उद् म्हणजे वर, बाहेर. पाण्यातून तरून बाहेर आलेला तो उत्तीर्ण. आणि हा 'उद्' आणि इंग्रजी 'आउट' सख्खे भाऊ आहेत, भाषांच्या एकाच प्राचीन मुळातून आलेले. 'पास' हा शब्द तर लॅटिनमधल्या पावलाचा, म्हणजे ओलांडून जाण्याचाच. तेव्हा 'उत्तीर्ण' आणि 'पास आउट' यांची बांधणी जवळजवळ सारखी निघते, फक्त आपण 'आउट' आधी लावतो आणि ते नंतर.

मुलांना फ्रेझल वर्ब (क्रियापदाला 'आउट'सारखा शब्द जोडून बनलेला) परका वाटतो तेव्हा मला आश्चर्य वाटतं. आपल्या उपसर्गांबद्दल पाठशाळेत पहिल्याच वर्षी श्लोक पाठ करून घेतात:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. हृ धातू एकच, पण प्रहार म्हणजे घाव, आहार म्हणजे जेवण, संहार म्हणजे नाश, विहार म्हणजे हिंडणं. 'पास आउट', 'पास अवे', 'पास ऑन' यांत हेच घडतं.

आणि 'पास देम आउट' असं मध्ये काहीतरी शिरतं ना, तेही वेदांत आहे. लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूला आधी चिकटून येतो. वेदात मात्र तो लांबही राहू शकतो, त्यासाठी पाणिनीचं वेगळं सूत्र आहे, 'व्यवहिताश्च'. उदाहरण ऋग्वेदातलं: 'आ मन्द्रैरिन्द्र हरिभिर्याहि'. 'आ' ओळीच्या सुरुवातीला आणि त्याचं क्रियापद 'याहि' तीन शब्द ओलांडून. नुसतं 'याहि' म्हणजे जा. 'आ याहि' म्हणजे ये. एका 'आ'ने जाणाऱ्याला परत बोलावलं.

---

सुभेदार_निवृत्त

ताई, 'पास' म्हणजे पाऊल हे माहीत नव्हतं. अंतिम पग. अंगावर काटा आला.

---

माणदेशी_मास्तर

एवढं संस्कृत आमच्या पोरांना झेपत नाही, पण ताईंचाच धागा पकडून सांगतो. मी हायस्कूलला आहे, दुष्काळी भागात. पोरं इंग्रजीला भितात, फ्रेझल वर्बला जास्तच. 'सर, टेक म्हंजे घेणं, मग टेक ऑफ म्हंजे विमान का उडतंय?' असा प्रश्न येतो, आणि प्रश्न बरोबरच आहे.

मी फळ्यावर 'बोलणे' लिहितो आणि त्यांनाच विचारतो. 'तो बोलून गेला' म्हणजे? पोरं सांगतात, नको ते तोंडातनं निसटलं. 'बोलून बसला'? बोलला आणि आता निस्तरतोय. 'बोलून टाकलं'? एकदाचं मन मोकळं केलं. 'बोलून घेतलं'? आपल्या कामापुरतं उरकलं. 'बोलून दाखवलं'? मनातलं होतं ते बाहेर काढलं. आता सांगा, यात कोण गेलं, कोण बसलं, कुणी काय टाकलं? कुणीच नाही. तरी पाचवीतलं पोर यातला एकही कुठं चुकवत नाही. बाहेरचा माणूस मराठी शिकायला आला तर इथेच रडकुंडीला येईल.

मग 'लागणे' घेतो. भूक लागते, ठेच लागते, पोरगं कामाला लागतं, नादी लागतं, गाडी लागते. तास संपेपर्यंत पोरं स्वतः यादी वाढवत असतात. दुसऱ्या दिवशी 'गिव्ह अप', 'गिव्ह इन', 'गिव्ह आउट' लिहिलं की भीती निम्मी झालेली असते. त्यांना कळतं की हे असलं आपल्या आईच्या बोलण्यात रोज आहे. पाठ करायची यादी मी देत नाही. वाक्य देतो, आणि वाक्यात माणूस देतो.

'पास आउट'साठी आता सुभेदारसाहेबांची परेड देणार. एक पोरगं परेडमधनं पास आउट होतंय, दुसरं उन्हानं पास आउट झालंय, तिसरं पाण्याच्या बाटल्या पास आउट करतंय. तिन्ही अर्थ एका मैदानावर.

---

लिफीकाठची_अनु

मास्तर, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. आम्हाला शंभर फ्रेझल वर्ब अर्थासकट घोकायला लावले होते, आणि त्यात 'पास आउट' समोर एकच शब्द होता: बेशुद्ध. फोनवर तोच माझ्या तोंडातून निघाला.

---

पुणे२६

अनुताई, तुमचा फोनचा प्रसंग वाचल्यावर माझा सूर थोडा बदललाय. भारतात 'पासआउट' राहू दे यावर मी ठाम आहे. पण आमच्या टीमच्या परदेशी बैठकांत मी स्वतः तो बिनदिक्कत वापरत होतो. समोरचे विचारत नाहीत म्हणून त्यांना कळलं असेलच असं नाही. आता 'ग्रॅज्युएटेड' म्हणेन.

---

कर्वेनगरची_माई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

लेकीने कोशातलं पान छापून बाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, लाल रेघेवर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, मलाही हे माहीत नव्हतं. मोठ्या मनाच्या आहेत. अर्जात वाक्य होतं तसंच गेलं, 'पास्ड आउट ऑफ द नॅशनल डिफेन्स अकॅडमी'. शाळेबद्दल एका ठिकाणी 'ग्रॅज्युएट' आलं होतं, ते अनुताईंमुळे 'फिनिश' झालं. माझ्या स्वतःच्या बायोडेटातलं 'पासआउट' मीही बदललं.

काल रात्री बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. सुभेदारसाहेब, तुमचा सॅल्यूट पोचवला, त्यांनी बसल्या जागी ताठ होऊन तो घेतला. बुटातल्या बोटांचं ऐकून म्हणाले, आमच्याही उस्तादांनी हेच सांगितलं होतं. 'उत्तीर्ण'चं पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प होते, आणि नंतर जे बोलले ते त्यांच्या सांगण्यावरून इथे लिहितेय.

परेडला त्यांचे वडील फलटणकडून एसटीने आले होते. धोतर, कोट, डोक्याला रुमाल. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मैदानावर जे बोललं जात होतं त्यातलं त्यांना काही कळलं नसणार, असं बाबांना वाटत होतं. गावी परत गेल्यावर पारावरच्या लोकांनी विचारलं, काय झालं तिथे? तेव्हा ते म्हणाले होते, "पोरगं पास होऊन बाहेर पडलं."